धंद्यासाठी डोमेन नाव घेताय? आधी फोनवर सांगून बघा

आमचा धंदा म्हणजे मी, माझी जाऊ, मागची खोली, दोन तवे आणि एक उखळ. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो आणि कुरिअरनं पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला पाठवतो. वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा नावाचा विचार आम्ही चहा गार होईपर्यंत पण केला नाही. दिराच्या ओळखीतला एक मुलगा वेबसाइट बनवायचा, तो म्हणाला वहिनी, तुमचा माल जे आहे तेच नाव टाकू, गूगलला पटकन सापडतं, आणि त्यानं सोलापुरी, शेंगा आणि चटणी हे तिन्ही शब्द एकाला एक चिकटवून डॉट कॉम घेऊन टाकलं. इंग्रजीत एकवीस अक्षरं होतात, आम्ही नंतर मोजली.

मग सुरू झालं. कोणी शेंगामधला एच खाल्ला, कोणी चटणीचं स्पेलिंग इंग्रजी पद्धतीनं न लिहिता सरळ चटनी असं लिहिलं, आणि जुन्या माणसांच्या हाताला अजून शोलापूरवालं स्पेलिंगच येतं, त्यामुळे त्यांना साइट सापडायचीच नाही. ते सगळे परत फोन करायचे, म्हणजे वेबसाइट असून ऑर्डर फोनवरच. आणि कहर म्हणजे दोन वर्षांनी ऐन संक्रांतीत, इकडे सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, तिकडे भोगीच्या ऑर्डरी येणार, आणि साइट बंद. का, तर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्या मुलाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, तो पुण्याला गेलेला, नंबर बदललेला, आणि रिन्यू करा म्हणून आलेले मेल सगळे त्याच्याकडे पडलेले. नाव गेलं ते गेलंच, आणि दोन हजार स्टिकर छापून ठेवलेले ते पण गेले.

दुसऱ्या वेळी मात्र नीट बसून केलं. नंतर ओळखीतल्या चार-पाच जणांना पण नाव निवडून दिलं, त्यामुळे आता बऱ्यापैकी कळतं. आमच्या साइटचं नाव इथं सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं वाटेल. खाली उदाहरणं दिलीत ती फक्त समजायला.

बसण्याआधी हे जवळ ठेवा:

- वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण नाव हातानं लिहिताना कळतं की कुठं अडतंय.
- धंद्यासाठी वेगळा ईमेल, ज्याचा पासवर्ड घरातल्या निदान दोघांना माहीत आहे.
- एक मोबाइल नंबर जो पुढची दहा वर्षं बदलणार नाही, सगळे ओटीपी त्यावरच येणार.
- पॅन किंवा आधार. डॉट इन घेताना केवायसी मागतात.
- जीएसटी नंबर असेल तर तो, म्हणजे बिल धंद्याच्या नावानं मिळतं.
- यूपीआय किंवा कार्ड.
- तीन माणसं ज्यांना तुम्ही कधीपण फोन करू शकता. हे सगळ्यात महत्त्वाचं, चौथ्या पायरीत कळेल का ते.

१. आपण नक्की काय विकत घेतोय ते समजून घ्या

डोमेन म्हणजे फक्त नाव. वेबसाइट नाही, आणि वेबसाइट जिथं ठेवतात ती जागा पण नाही, त्याला होस्टिंग म्हणतात आणि त्याचं बिल वेगळं. नवी पेठेत गाळा भाड्यानं घेतला तरी दुकानाची पाटी तुमची असते ना, उद्या गाळा बदलला तर पाटी काढून दुसरीकडे लावता, तसंच. फरक एवढाच की ही पाटी पण कायमची विकत मिळत नाही, वर्षावर मिळते, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात.

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं, हायफन सुरुवातीला किंवा शेवटी नाही. डॉटच्या आधी ६३ अक्षरांपर्यंत चालतं. चालतं म्हणून घ्यायचं नाही. माझं मत विचाराल तर बारा अक्षरांच्या पुढं गेलात की त्रास चालू. कॅपिटल-स्मॉलनं काही फरक पडत नाही.

२. वीस नावं लिहा, पण मालाचं नाव चिकटवू नका

एक नाव डोक्यात धरून बसू नका, वीस लिहा. त्यातली पंधरा कोणीतरी आधीच घेतलेली असणार.

मालाचं नाव का नको? एक, माल बदलतो. आम्ही चटणीवर सुरुवात केली, आता दिवाळीला लाडू जातात, थंडीत हुरड्याची चौकशी असते, आणि चटणीच्या नावाच्या साइटवरनं लाडू कोण मागवणार. दोन, ते गूगलला पटकन सापडतं वालं कारण जुनं झालंय. पूर्वी शोधायचे शब्द जसेच्या तसे नावात कोंबले की फायदा व्हायचा, पण २०१२ साली गूगलनं नेमक्या असल्याच, नावात शब्द आणि आत काही नाही अशा साइट खाली ढकलायला सुरुवात केली. आता साइटवर काय आहे ते महत्त्वाचं.

तिसरं कारण खास आपल्यासाठी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, म्हणजे ते नाव इथल्या सगळ्या उत्पादकांचं मिळून आहे, एकट्यादुकट्याचं नाही. तुम्ही स्वतः इथं माग चालवत असाल तर गोष्ट वेगळी, तरी तुमची ओळख काय राहिली, सगळ्यांचं तेच नाव. आणि माल बाहेरनं आणून सोलापुरी चादर म्हणून नाव लावणार असाल तर ते डोमेन घेऊच नका, कायद्याच्या कचाट्यात जाल.

मग गावाचं नाव घालावं का? मोह होतो, मला पण झाला. पण सोलापूर लिहायचे दोन प्रकार लोकांच्या हातात आहेत, एक एसनंतर ओ आणि दुसरा एसनंतर एच. गावाचं नाव घालायचंच असेल तर दोन्ही स्पेलिंगची डोमेनं घ्या आणि एकावरनं दुसऱ्यावर वळवा, खर्च डबल. शिवाय उद्या पुण्यात शाखा काढलीत तर काय करणार, हा विचार आत्ताच करा.

३. इंग्रजी स्पेलिंगच्या चाळणीतून काढा

हा सगळ्यात किचकट भाग आणि यावर कोणी बोलतच नाही, कारण असले सल्ले लिहिणारे इंग्रजी शब्दांचा विचार करतात. आपलं नाव मराठी, टाइप करायचं इंग्रजी अक्षरांत, आणि प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे करतो.

मला उखळ हे नाव फार आवडलं होतं. चटणी उखळात कुटलेली, नाव एकदम खमंग. जाऊ म्हणाली, लिहून दाखव. लिहिलं. मग तिनं लिहिलं, तिनं सुरुवातीला डबल ओ टाकला. मग मुलानं लिहिलं, त्यानं शेवटी एक ए जास्त लावला. आणि ळ तर इंग्रजीत नाहीच, त्याचा एल होतो, वाचणारा उखल वाचतो. गेलं नाव.

वहीत प्रत्येक नावापुढं बघा यातलं काय काय आहे:

व असेल तर व्ही की डब्ल्यू हा घोळ होणारच. तवा, काटवट, मेवा सगळे यात अडकतात. श किंवा ष असेल तर काही जण नुसता एस लावतात. ज्ञ असेल तर नावाला हातच लावू नका, डी एन वाय, जी वाय, जे एन, तिन्ही चालतात म्हणजे एकही चालत नाही. दीर्घ ई आणि दीर्घ ऊ मध्ये डबल ई की आय, डबल ओ की यू. आणि ळ चं वर सांगितलंच, ण चं पण तसंच.

आणि आपल्या सोलापुरात अजून एक, जे पुण्यातल्या सल्लागाराला सुचणार नाही. पूर्व भागातलं आपलं गिऱ्हाईक तेलुगू, अक्कलकोटकडचं कन्नड, आणि तिकडची पद्धत अशी की त लिहायचा तर टी एच. लता हे नाव ते एच घालून लिहितात बघा. त्यामुळे नावात त आला की निम्मं गिऱ्हाईक एक एच जास्त मारणार. हे मला हैदराबादच्या एका ताईंनी फोनवर सांगितलं, मी त्यांना म्हणत होते टी आणि त्या टाइप करत होत्या टी एच, दहा मिनिटं आम्ही दोघी एकमेकींना बरोबरच म्हणत होतो.

मग उरतं काय? म, न, क, र, ल, स असली साधी अक्षरं आणि छोटे स्वर. मोर, किनार, रान, कणीस असे शब्द त्यातल्या त्यात बरे, कणीसमध्ये पण ण आहे आणि दीर्घ ई पण, आता लिहिताना दिसलं. असंच होतं, म्हणून वही.

नवीन बनवलेला शब्द पण चालतो, ज्याला अर्थ नाही पण म्हणायला सोपा. अर्थ तुमच्या मालानं येतो हळूहळू.

४. फोनवर सांगून बघा

आता उरलेली चार-पाच नावं घ्या आणि त्या तीन माणसांना फोन लावा. एक मराठी बोलणारं वयस्कर माणूस, एक तेलुगू किंवा कन्नड घरातलं, आणि एक इंग्लिश मीडियमचं पोर. नाव एकदाच म्हणा. स्पेलिंग सांगायचं नाही, परत म्हणायचं नाही, अर्थ पण सांगायचा नाही. म्हणा, आता हे टाइप करून मला व्हॉट्सअॅपवर पाठवा.

तिघांचं एकसारखं आलं तर नाव पास. दोघांचं आलं तर विचार करा. तिघांची तीन आली तर नाव कितीही लाडकं असू द्या, काट मारा. आमच्या पहिल्या नावाची ही परीक्षा नंतर गंमत म्हणून घेतली तर पाच जणांची पाच स्पेलिंग आली, एकही आमचं नाही.

दुसरी फेरी पण करा, त्यात आवाज खराब असू द्या. आपलं गिऱ्हाईक काय शांत खोलीत बसून फोन करत नाही, ते बसस्टँडवर असतं, मागावर असतं, मागं खटखट चालू असते. अशा वेळी बी, पी, डी, टी, व्ही सगळे एकच ऐकू येतात आणि एम-एन मध्ये तर कोणालाच फरक कळत नाही. म्हणून आपल्याकडं लोक पी फॉर पंढरपूर, बी फॉर बार्शी, एम फॉर मोहोळ करत सांगतात. नाव सांगताना तुम्हाला एकापेक्षा जास्त गावं फिरायला लागली तर नाव लांब आहे असं समजा.

ईमेल पण याच नावावर येणार हे विसरू नका. कुरिअरच्या काउंटरवर उभं राहून एकवीस अक्षरी ईमेल सांगायचा अनुभव मी घेतलाय, मागं रांग होती.

५. सगळं जोडून, छोट्या अक्षरांत लिहून वाचा

डोमेनमध्ये दोन शब्दांच्या मध्ये जागा नसते, आणि मग भलतंच वाचलं जातं. सात रस्ता चौकाजवळ दुकान असलेल्या ओळखीच्या एकानं सात रस्ता हेच नाव घ्यायचं ठरवलं होतं, इंग्रजीत एका ओळीत लिहून मला पाठवलं आणि मी पहिल्या नजरेत त्यात त्रस्त वाचलं. त्यांना सांगितलं तर आधी रागावले, मग बायकोला दाखवलं, तिनं पण तेच वाचलं.

दुसरं, सांध्यावर एकच अक्षर दोनदा येतंय का बघा. टॉवेल आणि लूम जोडलं की मध्ये दोन एल येतात, लोक एकच मारतात. असली जोडी टाळा.

६. आकडे आणि हायफन

नको. एक हा आकड्यात की अक्षरात हे प्रत्येकाला सांगत बसावं लागतं, आणि हायफनला आपल्याकडं कोणी डॅश म्हणतं, कोणी मायनस, कोणी आडवी रेघ, आणि काही जण ती खालची रेघ मारतात जी डोमेनमध्ये चालतच नाही.

७. डॉट कॉम की डॉट इन

गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डॉट इन एकदम चांगलं. ते आपल्या देशाचं आहे, निक्सी नावाची संस्था त्याचं काम बघते. तरी लोकांची बोटं सवयीनं डॉट कॉमच मारतात, त्यामुळे दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्या. साधारण डॉट इन पाचशे ते नऊशे आणि डॉट कॉम हजार ते दीड हजार वर्षाला, वर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास पडतात.

डॉट कॉम दुसऱ्याकडं असेल तर आधी ते उघडून बघा. बंद पडलेलं किंवा परदेशातलं काहीतरी असेल तर डॉट इनवर निभतं. पण त्यावर तुमच्याच मालाचा धंदा चालू असेल तर नाव सोडा, तुमची जाहिरात त्याला गिऱ्हाईक देत राहील.

डॉट सीओ स्वस्तात दिसलं म्हणून घेऊ नका, ते कोलंबिया देशाचं आहे आणि लोक त्याच्यापुढं आपोआप एम लावतात. शॉप, स्टोअर, ऑनलाइन असली शेपटं पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपयांना पण देतात, दुसऱ्या वर्षाचं बिल बघा मग बोला. खरेदीच्या पानावर रिन्यूअलचा दर बारीक अक्षरात असतो, तोच खरा दर.

डॉट भारत पण आहे, २०१४ पासून देवनागरीत मिळतं, आणि मला त्याचं फार कौतुक होतं. घ्यायला हरकत नाही पण एकटं घेऊ नका. एक म्हणजे आपल्यातच ऱ्हस्व-दीर्घाचं कोणाचं जुळत नाही, सोलापूर लिहिताना अर्धे लोक पहिला उकार देतात अर्धे दुसरा, आणि कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटतात. दुसरं म्हणजे आतून ते इंग्रजी अक्षरांतच साठवलेलं असतं, एक्स एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं, त्यामुळे लिंक कॉपी करून पाठवली की कधीकधी समोरच्याला ते गिचमिड दिसतं आणि त्याला वाटतं फ्रॉड आहे. त्यावरचा ईमेल पण सगळीकडं चालत नाही. मुख्य नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि हे त्याच्याकडं वळवा.

८. नाव दुसऱ्याचं तर नाही ना

डोमेन मोकळं आहे म्हणजे नाव मोकळं आहे असं नाही. ट्रेडमार्क, म्हणजे धंद्याच्या नावाची सरकारी नोंदणी, ती वेगळी. आयपी इंडियाच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं, फक्त वर्ग माहीत पाहिजे. चादर-टॉवेलचा वर्ग २४, युनिफॉर्म आणि कपड्यांचा २५, चटणी-मसाल्याचा ३०. नुसतं जसंच्या तसं शोधू नका, उच्चारावरनं शोधायची पण सोय आहे तिथं, ती वापरा.

हे हलक्यात घेऊ नका. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डोमेन नावाला पण ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं, म्हणजे जुन्या धंद्याच्या नावाशी मिळतंजुळतं घेतलंत तर ते तुमच्यावर येऊ शकतात. उलट तुमचं नाव पुढं चाललं तर तुम्हाला पण त्याचा उपयोग. तुम्ही एकटे मालक असाल किंवा उद्यम नोंदणी असेल तर ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला साडेचार हजार आहे. पहिल्याच महिन्यात करा असं मी म्हणत नाही.

त्याच बैठकीत इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर पण ते नाव मोकळं आहे का बघून घ्या.

९. विकत घेताना स्वतः घ्या

दुसऱ्याला घ्यायला लावू नका. वेबसाइट बनवणारा कितीही ओळखीचा असू द्या, भाचा असू द्या. खातं तुमच्या ईमेलवर, नोंदणी तुमच्या किंवा तुमच्या फर्मच्या नावावर, नंबर तुमचा. त्याला काम करायला लागतं ते म्हणजे नेमसर्व्हर (नाव कुठल्या होस्टिंगला जोडायचं ती सेटिंग) बदलणं, ते तो समोर बसवून तुमच्याकडनं करून घेईल, पाच मिनिटांचं काम आहे. जे पॅकेज देतात की डोमेन फ्री, होस्टिंग फ्री, सगळं आमच्याकडं, त्यांना एकच प्रश्न विचारा, नोंदणी कोणाच्या नावावर होणार, आणि उत्तर लेखी घ्या. आमच्या मुलाची नियत वाईट नव्हती हो, त्याला फक्त आठवण राहिली नाही.

आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर आज फोन करा, भांडण व्हायच्या आधी. त्याच्या खात्यातनं तुमच्या खात्यात वळवता येतं, किंवा तो तुम्हाला ऑथ कोड (नाव दुसरीकडं न्यायचा पासवर्ड) देतो आणि तुम्ही डोमेन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडं नेता. डॉट कॉम नवीन घेतलेलं असेल तर पहिले साठ दिवस कंपनी बदलता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पैसे भरताना टोपलीत काय काय आपोआप आलंय ते बघा. ईमेल पॅकेज, सिक्युरिटी, साइट बिल्डर, सगळ्यावर टिक मारलेली असते. टिका काढा. आम्हाला स्वतः घेताना नऊशेचं बिल आधी साडेतीन हजार दिसलं होतं.

पैसे भरल्यावर ईमेल पक्का करा म्हणून एक मेल येतो. डॉट कॉमसाठी पंधरा दिवसांत त्यातली लिंक दाबली नाही तर डोमेन थांबवतात. स्पॅममध्ये पण बघा.

१०. घेतल्यानंतर

ऑटो रिन्यू चालू करा आणि तरी कॅलेंडरवर तारीख लिहा, कारण कार्ड संपतं. आमच्याकडं ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेनानं असते, दुधाच्या हिशोबाशेजारी. मुदत संपली तर डॉट कॉमचं नाव लगेच जात नाही, काही आठवडे नेहमीच्या दरात मिळतं, मग तीस दिवस दंड भरून सोडवता येतं आणि तो दंड मूळ किमतीच्या कैक पट असतो, मग शेवटचे पाच दिवस, आणि त्यानंतर कोणीपण घेऊ शकतं. आमच्या जुन्या नावावर आता कसल्यातरी जाहिराती दिसतात.

नाव घेतल्यापासून आठवडाभरात फोन सुरू होतील, मॅडम वेबसाइट बनवून देतो. त्यातले बरेच निदान खरे तरी असतात. मेलचं बघा: कधी अमुक देशातली कंपनी तुमचं नाव घ्यायला बसलीय, आजच पैसे भरून वाचवा असा येतो, कधी तुमची सर्च इंजिन नोंदणी संपतेय असं बिल येतं. अशी काही नोंदणी नसते. तुम्ही डोमेन जिथनं घेतलं ती कंपनी सोडून दुसऱ्या कोणालाही नावाचे पैसे द्यायचे नाहीत, आणि शंका आली तर मेलमधली लिंक न दाबता स्वतः त्यांच्या साइटवर जाऊन लॉगिन करून तारीख बघायची.

आणि पाऊच, स्टिकर, पाटी, यातलं काहीही छापायला टाकायच्या आधी आठवडाभर थांबा. तेवढ्यात चार अनोळखी लोकांनी स्वतः टाइप करून साइट उघडली की मग प्रेसवाल्याला होकार द्या.